दोषदुरुस्ती अहवाल

‘पृष्ठ ४० वर नायिकेचे वय २३. पृष्ठ ११२ वर, मधे चार पावसाळे उलटल्याचे नमूद असूनही, २४. खुलासा व्हावा.’

आमच्या वाचनालयात परत आलेल्या कादंबरीतून अशी चिठ्ठी पडली की ती कुणाची, हे विचारावं लागत नाही. पाठकोऱ्या कागदाचा पट्टीनं फाडलेला चौकोन, हिरवी शाई, मजकुराखाली तारीख आणि सही. सही वाचता येत नाही, पण ती सरकारी आहे एवढं लांबूनही कळतं.

हे आमचे ऑडिटरकाका. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, उपसा जलसिंचन योजना. ज्या गावी गेले तिथल्या चेअरमनच्या पोटात गोळा आला आणि सेक्रेटरीला ताप भरला. निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी ते वाचनालयात आले, वर्गणी भरली, अनामत भरली, पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘बाई, पावतीपुस्तकाचा अनुक्रमांक हातानं घातलाय. छापील हवा.’’ मी त्या क्षणी ओळखलं की आपलं ग्रंथपालपण आजपासून तपासणीखाली आलं.

पुस्तकात लिहू नये, असा आमचा नियम भिंतीवर लावलेला आहे. काका नियम मोडत नाहीत. म्हणून ते चिठ्ठी लिहितात आणि ज्या पानावर दोष सापडला तिथं ठेवून पुस्तक परत करतात. लेखापरीक्षकानं दोष दाखवायचे आणि संस्थेनं दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा, ही सहकार कायद्याच्या कलम ८१ आणि ८२ ची रीत. काकांच्या मते साहित्य हीही एक संस्थाच आहे. फक्त तिची नोंदणी कुणी केलेली नाही, त्यामुळे दप्तर वाटेल तसं राहिलं आहे.

त्यांची वाचायची पद्धत मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा प्रत्यक्ष पाहिली. खिडकीशी लाकडी खुर्ची. समोर स्टूल, त्यावर पुस्तक. मांडीवर लांबट वही, मधोमध रेघ मारलेली. डावीकडे ‘आवक’, उजवीकडे ‘जावक’. कादंबरीत नवं माणूस आलं की आवक. मेलं, परदेशी गेलं, संन्यास घेतला की जावक. शेवटच्या पानावर दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जे आलं आणि लेखकानं ज्याचं पुढं काहीच सांगितलं नाही, ते तांबड्या शाईत ‘येणे बाकी’ म्हणून खाली उतरतं. मराठी कादंबरीची येणे बाकी किती मोठी आहे, हे त्या वहीवरून मला प्रथमच कळलं. शेजारी, मोलकरणी, पोस्टमन, कॉलेजातले मित्र, दूरच्या आत्या: सगळे कुठल्या ना कुठल्या प्रकरणात येऊन चहा घेऊन बसले आहेत आणि लेखक त्यांना तिथंच विसरून पुढं निघून गेला आहे.

त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण मावशीचं. एका चांगल्या खपाच्या कौटुंबिक कादंबरीत नायकाची मावशी लग्नासाठी तिसऱ्या प्रकरणात येते. येताना ट्रंक, लोणच्याची बरणी आणि संधिवात घेऊन येते. पुढं लग्न होतं, मोडतं, नायक मुंबईला जातो, नायिका दुसरं घर करते, वाडा विकला जातो, नवा मालक तो पाडतो. मावशी परत गेल्याचा उल्लेख कुठंच नाही. काकांची चिठ्ठी होती : ‘वाडा विकतेवेळी मावशी कोठे होत्या? खरेदीखतात त्यांचा ताबा दर्शविलेला नाही. पाडकामापूर्वी जागेची पाहणी झाली होती काय?’

योगायोगानं त्याच लेखकाला आम्ही २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. भाषण झालं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. प्रेरणा कशी मिळते, लिहायला सकाळी बसता की रात्री, नवोदितांना काय सांगाल, असे शाल-श्रीफळाला शोभणारे प्रश्न झाले. मग मागच्या रांगेतून काका उठले.

‘‘मावशीचं काय झालं?’’

लेखक हसले. मग गंभीर झाले. मग स्त्रीचं अस्तित्व, कुटुंबव्यवस्थेनं तिला दिलेलं अदृश्यपण आणि कथनातली हेतुपूर्वक ठेवलेली पोकळी यांवर चांगलं विस्तारानं बोलले. सभागृहात दोघी-तिघींनी वहीत टिपूनही घेतलं. काका शेवटपर्यंत उभे होते. लेखक थांबल्यावर म्हणाले, ‘‘म्हणजे विसरलात.’’

लेखक दिलदार निघाला. क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘हो, साहेब. विसरलो.’’ टाळ्या त्याच वाक्याला सर्वांत जास्त पडल्या. पुढच्या आवृत्तीत सातव्या प्रकरणात एक ओळ वाढली : धाकटा भाऊ येतो आणि मावशीला ट्रंकेसकट गावी घेऊन जातो. मी ती आवृत्ती मुद्दाम मागवली आणि काकांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा चढवून ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, आता तरी समाधान होईल. ‘‘ट्रंक गेली,’’ काका म्हणाले. ‘‘लोणच्याची बरणी?’’

सहकारी संस्थांना लेखापरीक्षणात अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. काका पुस्तकांनाही तोच देतात. त्यातली गंमत अशी की १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या आमच्यासारख्या वाचनालयांचेही अ, ब, क, ड असेच वर्ग असतात. आम्ही ‘ब’. काकांच्या दृष्टीनं ‘ब’ वर्गाच्या वाचनालयानं ‘क’ वर्गाची कादंबरी घेणं हा अनुदानाचा अपव्यय आहे आणि याबद्दल माझ्या नावानं दोन चिठ्ठ्या दप्तरी आहेत. पुस्तक मी लिहिलेलं नसतं हे त्यांना मान्य आहे. पण ते कपाटातून काढून हातात मीच दिलेलं असतं. काकांच्या कायद्यात एवढा संबंध जबाबदारी निश्चित करायला पुरतो. पुस्तक बिघडलं की टेबलावर आपटून म्हणतात, ‘‘हे घ्या तुमचे खांडेकर!’’ जणू खांडेकर माझे चुलत सासरे.

खांडेकरांशी त्यांचं जुनं प्रकरण आहे. ‘ययाती’ त्यांनी कॉलेजात असताना वाचली होती आणि तेव्हा ती त्यांना थोर वाटली होती. साठी ओलांडल्यावर पुन्हा वाचली आणि पार चिडले. माणूस पुन्हा वाचायला घेतो तेव्हा पुस्तकाबरोबर आपला जुना अभिप्रायही तपासायला निघतो, आणि त्यात सापडलेल्या दोषाचा राग पुस्तकावर निघतो. काकांचा शेरा असा होता : ‘मुलाने वडिलांस तारुण्य उसने दिले. मुदत, व्याजदर व तारण नमूद नाही. मंडळाचा ठराव नाही. कर्जदार हाच संस्थेचा अध्यक्ष.’

मी माझ्या परीनं बाजू मांडली. म्हटलं, काका, १९५९ ची कादंबरी, लगेच साहित्य अकादमीचा पुरस्कार, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली याच खांडेकरांना.

‘‘पुरस्कार जमेच्या बाजूला दाखवू नका. तो बाहेरून आलेला निधी. संस्थेचं स्वतःचं उत्पन्न काय?’’

‘‘पण भाषा किती सुंदर आहे.’’

‘‘भाषेबद्दल तक्रार नाही. माणूस १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होता. खडू हातातून सुटलाच नाही. जो तो फळ्यावर सुविचार लिहितो आणि मगच खोलीबाहेर जातो. राजा तसाच, दासी तशीच. एवढे सुविचार माहीत असलेल्या माणसांच्या हातून एवढं पाप होतंच कसं?’’

हे विधान मी कुठल्याही समीक्षाग्रंथात वाचलेलं नाही. उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

‘मृत्युंजय’ची सुरुवात मात्र त्यांना फार पसंत पडली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा माणसं आळीपाळीनं बोलतात. काका उल्हसित होऊन आले : ‘‘बाई, याला म्हणतात चौकशी. सहा जबाब घेतलेत.’’ पण दोन दिवसांनी तोंड उतरलेलं. सहाही जबाब एकाच कारकुनानं लिहिल्यासारखे आहेत, सगळ्यांची भाषा तीच, उपमा त्याच, आणि एकही साक्षीदार फुटत नाही, ही बाब गंभीर, असा शेरा पडला. वर्ग ‘ब’. मी तो मान्य करून पुस्तक कपाटात ठेवणार, तेवढ्यात त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि पुन्हा स्वतःच्या नावावर लावायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘फेरतपासणी.’’ काकूंकडून नंतर कळलं ते निराळंच. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. काका उठले, माठातलं पाणी प्यायले, घरभर फिरले आणि पुन्हा येऊन बसले, तेव्हा चाक अजून रुतलेलंच होतं.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांत त्यांना दोष काढता येत नाही, याचा त्यांना त्रास होतो. ‘आवक-जावक जुळते, पण आवक कोठून झाली व जावक कोठे गेली हे कळत नाही,’ असा त्यांचा हताश शेरा ‘काजळमाया’त अजून आहे. त्या पुस्तकाला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि जी. एं.नी तो परत केला, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, लेखकाच्या मानी स्वभावाचं कौतुक वाटलं. ते म्हणाले, ‘‘परत आलेली रक्कम अकादमीनं कुठल्या शीर्षाखाली जमा केली असेल?’’

नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली तेव्हा गावात पहिली मागणी काकांची. इतकी वर्षं नुसती जाहीर होत राहिलेली कादंबरी म्हणजे मुदतवाढ घेतलेलं काम. त्याची तपासणी कसून व्हायला हवी. ठोकळा घेऊन गेले आणि बऱ्याच दिवसांनी एकच चिठ्ठी घेऊन आले : ‘शीर्षकातच अडगळ असल्याचे कबूल केल्याने मालसाठ्याबाबत आक्षेप घेता येत नाही.’ या वाक्यातली हार फक्त आम्हा दोघांनाच कळली.

आता माझ्या टेबलाच्या या बाजूनं एक गोष्ट सांगते. वाचनालयात सर्वांत जास्त ऐकू येणारा अभिप्राय म्हणजे ‘छान आहे’. ‘‘कसं वाटलं पुस्तक?’’ ‘‘छान आहे.’’ पुस्तक उघडून पाहावं तर आत ठेवलेलं एस.टी.चं तिकीट अकराव्या पानात. ‘छान’ म्हणणारा माणूस पुस्तकाच्या वाटेला गेलेला नसतो. तो भला असतो, वर्गणी वेळेवर भरतो, दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की पहिला येतो. पण पुस्तकानं त्याला काही दिलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. काकांचं अडतं. ज्याला वाटतं की आपलं या पुस्तकाकडं काही येणं आहे, तोच वसुलीला जातो. काका प्रत्येक कादंबरी हातात घेताना ‘अ’ वर्ग द्यायचाच, अशा तयारीनं घेतात. निवृत्तीनंतर इतकी पुस्तकं वाचून, इतक्यांदा फसगत होऊनही त्यांची ती तयारी कमी झालेली नाही. लेखकानं नायिकेच्या वयात चूक केली की त्यांना दुःख होतं ते हिशेब चुकल्याचं नव्हे. ती बाई त्यांच्या लेखी खरी आहे आणि तिच्या बापानंच तिचं वय विसरावं, हे त्यांना सोसत नाही.

काकूंचं वाचन याच्या नेमकं उलट. त्यांचं कार्ड वेगळं आहे आणि काका एक पुस्तक तपासतात तेवढ्यात त्या चार संपवतात. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की त्या पुस्तक घेतात आणि आधी शेवटचं प्रकरण वाचतात. त्यात लहान मूल गेलेलं असलं तर पुस्तक परत. बाकी कुणीही जावो, त्यांची हरकत नसते. काकांना हे अत्यंत बेकायदा वाटतं. ‘‘ताळेबंद आधी पाहून मग रोजकीर्द वाचायची?’’ काकूंचं उत्तर तयार असतं : ‘‘तुम्ही दप्तर तपासायला जायचात तेव्हा आधी सेक्रेटरीचं तोंड बघायचात ना? तसंच.’’ या मुद्द्यावर काकांचं अनुपालन अद्याप आलेलं नाही.

दोघांचं एकमत झालेलं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नवरा न सांगता निघून जातो, १८९५ मध्ये धर्म बदलतो, घर उलटंपालटं होतं, आणि ही बाई सगळं सांगते ते स्वतःच्या फजितीसकट, हसत हसत. काकांनी नि:संकोच ‘अ’ दिला. ‘सर्व व्हाऊचर उपलब्ध. स्वतःच्या नावावरील खर्च लपविलेला नाही.’ काकूंनी ते पुस्तक शेवटापासून वाचलं, मग मधून वाचलं, मग पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘कुठूनही उघडा, बाई घरातच असते.’’ ‘बनगरवाडी’लाही ‘अ’. त्यातली माणदेशी माणसं काकांनी फिरतीवर पाहिलेली, दुष्काळ पाहिलेला. एवढ्याशा पुस्तकात अख्खी वाडी वसते आणि उठते, ‘कमी भांडवलात इतका व्यवहार क्वचित आढळतो’, असं त्यांनी लिहिलं. त्या दिवसापासून माडगूळकर ‘आमचे’ झाले.

पण काही पुस्तकं अशी आहेत की ज्यांना त्यांनी वर्गच दिलेला नाही.

‘कोसला’ त्यांनी अगदी खुशीत सुरू केली. गावाकडचा मुलगा बापाच्या पैशावर पुण्यात शिकायला जातो आणि पैसे उधळतो, म्हणजे काकांना घरबसल्या मेजवानी. परत आलेल्या पुस्तकात दर चार पानांवर हिरवी चिठ्ठी. खानावळीचा खर्च, मित्रांना पाजलेला चहा, वडिलांनी पाठवलेली रक्कम आणि तिची विल्हेवाट. मी चिठ्ठ्या काढत काढत पुढं गेले आणि एकाएकी त्या थांबल्या. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग जिथं येतो, तिथून पुढं एकही चिठ्ठी नव्हती. अर्धं पुस्तक तसंच कोरं. शेवटी सही नाही, वर्ग नाही. मी विचारलं, ‘‘काका, अहवाल अपुरा आहे.’’ ते पुढच्या पुस्तकाची पाठ वाचत म्हणाले, ‘‘तपासणी स्थगित.’’ त्या आठवड्यात त्यांनी आपल्या इस्लामपूरच्या धाकट्या बहिणीला तीनदा फोन केला. काम काहीच नव्हतं. बहीण घाबरून काकूंना विचारत होती, यांची तब्येत बरी आहे ना?

दया पवारांचं ‘बलुतं’ परत करायला आले तेव्हा टेबलापाशी दुसरं कुणी नाही हे पाहून बोलले. ‘‘बाई, आम्ही गावात गेलो की जीप चेअरमनच्या दारात थांबायची. तिथंच दप्तर, तिथंच जेवण, तिथंच सह्या. गावाच्या कडेची वस्ती जीपमधून दिसायची. कुणाचं किती येणं गावाकडं आहे, हे मी आयुष्यभर तपासलं असं समजत होतो. हे खातं कुणी पुढं ठेवलंच नाही, आणि मीही मागितलं नाही.’’ चिठ्ठी नव्हती. पुस्तक आठ दिवस उशिरा आलं होतं. त्यांनी दंड न सांगता मोजून ठेवला आणि पावती न घेता गेले. काका पावती न घेता गेले, हे मी आमच्या शिपायाला सांगितलं तर त्याला पटेना.

आणि मग ‘श्यामची आई’. नातवाला शाळेच्या स्पर्धेसाठी हवी म्हणून नेली. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत त्यातला बहुतेक भाग लिहून काढला, हे मी सांगितलं, तेव्हा कामाच्या त्या वेगाबद्दल काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी दारात उभे.

‘‘बाई, पालगडला सोसायटी कधी झाली?’’

‘‘कसली सोसायटी?’’

‘‘विकास सोसायटी. पतपेढी. कुठलीही. श्यामच्या वडिलांवर सावकाराचं कर्ज आहे. वसुलीचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो. त्या माउलीनं ते ऐकून घ्यायचं. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. गुरुजींची आई गेली १९१७ साली. मधे १३ वर्षं. तेरा! एवढ्या अवधीत एक माणूस, फक्त एक माणूस दापोली तालुक्यात जाऊन सोसायटी काढू शकला नाही? दहा जणांच्या सह्या लागतात. दहा.’’

मी म्हटलं, ‘‘काका, ती गोष्ट आहे.’’

‘‘गोष्ट नाही. थकबाकी आहे.’’

ते बाकावर बसले. पंखा लावला तर नको म्हणाले. थोड्या वेळानं खिशातून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं, बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी जी चिठ्ठी माझ्या हाती आली तीत एवढंच होतं : ‘विलंबाची जबाबदारी निश्चित करणे आवश्यक. तथापि कलम ८८ पूर्वलक्षी प्रभावाने लागू नाही.’ शाई एका जागी फुटली होती. मी ती चिठ्ठी पुस्तकात ठेवली, आणि ती प्रत आता कुणी मागितली की आधी चिठ्ठी आहे ना, हे पाहून देते.

कारण एव्हाना गावाला चिठ्ठ्यांची सवय झाली होती. कॉलेजची मुलं येऊन विचारतात, ‘‘चिठ्ठीवाली प्रत आहे का?’’ काही जण चिठ्ठीच्या मागं उत्तर लिहितात आणि वर ‘अनुपालन’ असा मथळा घालतात. एका मुलीनं ‘ययाती’तल्या शेऱ्याला जांभळ्या शाईत लिहिलं आहे : ‘पुरूला कुणी विचारलं का?’ काकांनी त्याखाली हिरव्यानं खूण करून ‘मुद्दा मान्य’ लिहिलं. सरकारी नोकरीत त्यांनी हे दोन शब्द कधी लिहिल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नाही.

पण सार्वजनिक संस्था म्हटली की हरकत घेणारा असतोच. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सन्माननीय सभासदानं विषय काढला : कादंबरी उघडण्याआधीच तिच्यातले दोष हातात पडतात, वाचकाचा हिरमोड होतो, साहित्याचा अवमान होतो, सबब चिठ्ठ्या बंद कराव्यात. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा सुरू झालेली होती, त्यामुळे सगळे चहा पिऊन तरतरीत होते. मी देवघेवीचं रजिस्टर उघडलं आणि वाचून दाखवलं. ज्या पुस्तकांवर काकांचे सर्वांत कडक शेरे आहेत तीच सर्वांत जास्त फिरतात. ज्यांत चिठ्ठी नाही आणि ज्यांना सगळे ‘छान’ म्हणतात, ती कपाटात जागची हललेली नाहीत.

अध्यक्षांनी सभेचा रोख ओळखला. चिठ्ठ्या पुस्तकात ठेवण्यास हे वाचनालय मान्यता देत आहे, असा ठराव तिथल्या तिथं मांडला गेला. हात वर झाले. आक्षेप घेणाऱ्या सभासदानंही, सगळ्यांचे वर आहेत हे पाहून, आपला वर केला. ‘सर्वानुमते मंजूर’ असं मी इतिवृत्तात लिहायला घेतलं, तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

‘‘हरकत आहे,’’ काका म्हणाले. ‘‘ठरावाला सूचक आहे. अनुमोदक नाही. असा ठराव तपासणीत टिकत नाही.’’

अध्यक्षांनी घाईघाईनं अनुमोदक विचारला. चार जण एकदम उठले. काका बसायला तयार नाहीत : विषय कार्यक्रमपत्रिकेवरच नव्हता, सभासदांना त्याची आगाऊ नोटीस नव्हती, आणि ज्याच्या हिताचा ठराव आहे तो सभासद, म्हणजे ते स्वतः, सभागृहात हजर होता, त्याला आधी बाहेर जायला सांगायला हवं होतं. तिन्ही मुद्दे बिनतोड निघाले. काकांच्या बाजूचा ठराव काकांच्याच हरकतीवरून पुढच्या वर्षापर्यंत तहकूब झाला. तोवर चिठ्ठ्या बेकायदा आहेत आणि नियमितपणे येत आहेत.